घटक ६ : आंतरजालावरील यंत्रवाचक

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस 'बॉट' ही संकल्पना स्पष्ट करता येईल, आंतरजालावरील वर्दळीचे आकडे चिकित्सकपणे वाचता येतील आणि यंत्रांच्या या वाढत्या वावराचा मराठी मजकुराशी असलेला संबंध उदाहरणांसह मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

समजा, आपण आपल्या गावच्या जत्रेविषयी एक लेख लिहिला. पालखीचा मार्ग, मानकरी घराणी, नैवेद्याचे पदार्थ, जुन्या माणसांकडून ऐकलेल्या आठवणी, असे सारे त्यात आले. तो लेख आपण एका संकेतस्थळावर प्रसिद्ध केला. आठ दिवसांनी पाहिले, तर लेखाखाली 'वाचने : ४१२' असा आकडा होता. आपणांस आनंद होणे स्वाभाविक आहे. चारशे बारा माणसांनी आपल्या गावाविषयी वाचले!

परंतु तो आकडा माणसांचा आहे, असे कोणी सांगितले? संकेतस्थळाने मोजलेली गोष्ट एवढीच की, हे पान कोणीतरी ४१२ वेळा मागितले. मागणारा मुंबईस असलेला गावकरी असेल, लेख पुन्हा पुन्हा उघडून पाहणारे आपण स्वतः असाल, किंवा जत्रा म्हणजे काय हे ठाऊक नसलेली, कंटाळा न येणारी आणि रात्री न झोपणारी एखादी संगणकप्रणालीही असेल. मागील घटकात आपण लेखक, मजकूर आणि वाचक या त्रयीचा विचार केला. तेथे 'वाचक' हा शब्द उच्चारताना माणूस गृहीत धरला होता. प्रस्तुत घटकात ते गृहीतक तपासून पाहावयाचे आहे.

६.२ 'बॉट' म्हणजे काय?

'बॉट' हे 'रोबॉट' या शब्दाचे संक्षिप्त रूप. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकाने 'रोबॉट' हा शब्द जगाला दिला. तो चेक भाषेतील 'रोबोता' या शब्दावरून घडवला गेला. 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे श्रम; आपल्याकडील 'वेठ'. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने बॉट हा वेठबिगार होय. मालक सांगेल ते काम, सांगेल तितक्या वेळा, मोबदल्याविना करणारा. भाषेच्या अभ्यासकाने ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवावी. बॉटला स्वतःचा हेतू नसतो. हेतू असतो तो त्याला कामास जुंपणाऱ्याचा.

आंतरजालाच्या संदर्भात बॉट म्हणजे माणसाने प्रत्येक वेळी कळ न दाबता आपोआप संकेतस्थळांना भेटी देणारी, पाने मागणारी किंवा तेथे काही कृती करणारी संगणकप्रणाली. तिला चेहरा नसतो, पडदा नसतो, छापील पुस्तकासारखे पान उलटणेही नसते. ती सर्व्हरकडे, म्हणजे मजकूर साठवून ठेवणाऱ्या संगणकाकडे, विनंती पाठवते आणि आलेला मजकूर उचलते. आपला भ्रमणध्वनीसुद्धा नेमकी अशीच विनंती पाठवीत असतो, आणि सर्व्हरला दोन्ही विनंत्या जवळजवळ सारख्याच दिसतात. या घटकातील साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

बॉट ही आजकालची गोष्ट नाही. १९९३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मॅथ्यू ग्रे यांनी एक भटकी प्रणाली तयार केली. वर्ल्ड वाइड वेबचा विस्तार किती झाला आहे, हे मोजणे हा तिचा हेतू. एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर आणि तेथून तिसऱ्यावर जाणाऱ्या अशा प्रणालींना पुढे 'क्रॉलर' हे नाव रूढ झाले. शोधयंत्रे चालतात ती याच क्रॉलरांच्या बळावर. आपण शोधयंत्रात 'संत जनाबाई' असे टंकता तेव्हा ते त्या क्षणी जगभर धावत सुटत नाही. त्याच्या क्रॉलरांनी आधीच वाचून, अनुक्रमणिका लावून ठेवलेल्या साठ्यात ते पाहते. क्रॉलर आला नसता, तर जनाबाईंवरील एखाद्या अभ्यासकाचा उत्तम लेख कोणाला सापडलाच नसता.

तथापि पाहुण्याने किती वेळा यावे, याला मर्यादा हवी. त्या काळचे सर्व्हर आजच्या मानाने अतिशय दुबळे होते आणि अविचाराने लिहिलेला एखादा क्रॉलर त्यांना सहज जेरीस आणी. म्हणून १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी एक साधी रीत सुचवली. प्रत्येक संकेतस्थळाने आपल्या दारात 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी मजकूर-फाइल ठेवावी, तीत कोणत्या क्रॉलराने कोठे यावे व कोठे येऊ नये हे लिहावे, आणि येणाऱ्याने ते आधी वाचावे. या संकेतास इंटरनेटच्या मानकांत औपचारिक स्थान मिळाले ते थेट २०२२ साली. मधली अठ्ठावीस वर्षे तो केवळ परस्परविश्वासावर चालला. आजही ही फाइल म्हणजे कुलूप नव्हे. दारावरची पाटी आहे. सभ्य माणूस पाटी वाचून परत फिरतो. इतरांचे काय?

६.३ आकडे कसे वाचावेत?

बॉटांपासून संरक्षण पुरवणाऱ्या इंपर्व्हा या कंपनीचा वार्षिक अहवाल या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२४ साली एकूण वर्दळीपैकी ५१ टक्के वर्दळ स्वयंचलित होती. अहवालाच्याच शब्दप्रयोगानुसार त्यांतील 'वाईट' बॉट ३७ टक्के आणि 'चांगले' बॉट १४ टक्के. गेल्या दशकात प्रथमच यंत्रांची वर्दळ माणसांहून अधिक झाली, असे त्यात नमूद केले आहे. त्याआधीच्या वर्षी हेच प्रमाण ४९.६ टक्के होते.

असा आकडा समोर आला की विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : कोणी मोजले? येथे मोजणारी कंपनी बॉट रोखण्याची साधने विकते. यावरून आकडा खोटा ठरत नाही. परंतु छत्र्या विकणाऱ्याने वर्तवलेल्या पावसाकडे आपण जसे पाहतो, तसे या आकड्याकडे पाहावे. शिवाय ती मोजते आपल्या ग्राहकांच्या संकेतस्थळांवरील वर्दळ. साऱ्या आंतरजालाची नव्हे.

दुसरा प्रश्न : काय मोजले? विनंत्यांची संख्या, वाचलेली पाने आणि वाहून नेलेल्या माहितीचे आकारमान ही तीन वेगवेगळी मापे आहेत. एक माणूस दोन तासांचा चित्रपट पाहतो तेव्हा विनंत्या मोजक्या, पण माहितीचा लोंढा प्रचंड असतो. एक बॉट दहा हजार पाने उचलतो तेव्हा विनंत्या दहा हजार. माहिती मात्र त्या चित्रपटाहून कमी असू शकते. 'निम्मे आंतरजाल यंत्रांनी व्यापले' असे वाक्य वृत्तपत्रात वाचताना हा भेद सहसा पुसला गेलेला असतो.

तिसरा प्रश्न : आधी काय होते? याच कंपनीत पुढे विलीन झालेल्या इन्कॅप्सुलाने २०१३ साली बॉटांचे प्रमाण ६१.५ टक्के सांगितले होते. म्हणजे आलेख सरळ चढत गेलेला नाही. मधल्या काळात स्मार्टफोन स्वस्त झाले, कोट्यवधी माणसे नव्याने आंतरजालावर आली आणि माणसांचा वाटा वाढला. आता पुन्हा यंत्रांचा वाटा वाढतो आहे. 'आंतरजाल मृत झाले असून तेथे आता केवळ यंत्रेच परस्परांशी बोलतात' अशी एक कल्पना काही वर्षांपासून प्रचारात आहे. ती कल्पना चटकदार आहे, शास्त्रीय नाही.

चांगले आणि वाईट ही विभागणीही जपून वापरावी. वाईटपणा निःसंशय असलेली उदाहरणे आहेतच. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर त्यांच्या मालकांच्या नकळत ताब्यात घेतले व त्यांच्या एकवटलेल्या माऱ्याने ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पाडली. २०१८ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने उघड केलेल्या एका प्रकरणात सतरा लाखांहून अधिक संसर्गित संगणकांकडून जाहिराती 'पाहून' घेतल्या गेल्या होत्या. माणसाने कधी न पाहिलेल्या त्या जाहिरातींचे कोट्यवधी डॉलर जाहिरातदारांकडून वसूल झाले. परंतु एखाद्या ग्रंथालयाचा सारा मजकूर न विचारता उचलून नेणारा क्रॉलर कोणत्या रकान्यात घालावा? उत्तर अर्थातच आपण कोणाच्या बाजूने पाहता यावर अवलंबून राहते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) 'रोबॉट' या शब्दाची व्युत्पत्ती सांगून तिचा 'वेठ' या मराठी शब्दाशी असलेला अर्थसंबंध स्पष्ट करा.
(आ) 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' ही फाइल कुलूप नसून पाटी आहे, या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

६.४ विकिपीडियाचे उदाहरण

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक प्रतिमानांना, म्हणजे माणसासारखा मजकूर लिहिणाऱ्या प्रणालींना, शिकण्यासाठी अफाट मजकूर लागतो. माणसांनी लिहिलेला, तपासलेला आणि मोफत उपलब्ध असलेला मजकूर सर्वांत मोठ्या प्रमाणात कोठे आहे, या प्रश्नाचे एक उत्तर विकिपीडिया हे आहे. त्यामुळे क्रॉलरांचा ओघ तिकडे वळला. विकिपीडिया आणि तिचे भगिनी-प्रकल्प चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये या ओघाविषयी जे सांगितले, ते बारकाईने समजून घेण्याजोगे आहे.

जानेवारी २०२४ पासून चित्रे, ध्वनिफिती व चित्रफिती उतरवून घेण्यासाठी खर्च होणारी वहनक्षमता ५० टक्क्यांनी वाढली होती. ही वाढ माणसांमुळे झालेली नव्हती. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहातून सरसकट उचल करणाऱ्या क्रॉलरांमुळे झाली होती. त्याहून लक्षणीय गोष्ट पुढे आहे. एकूण पानांच्या वाचनांपैकी बॉटांचा वाटा सुमारे ३५ टक्के होता. परंतु पायाभूत यंत्रणेला सर्वांत महाग पडणाऱ्या वर्दळीपैकी ६५ टक्के वर्दळ बॉटांची होती.

पस्तीस टक्के वाचक पासष्ट टक्के महागड्या वर्दळीस कारण कसे होतात? याचे उत्तर माणसांच्या आणि यंत्रांच्या वाचनपद्धतीतील फरकात आहे. गावातील ग्रंथालयाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. ज्या पन्नास पुस्तकांना नित्य मागणी असते, ती ग्रंथपाल टेबलाजवळच्या कपाटात ठेवतात. बाकीची हजारो पुस्तके माळ्यावर असतात. वाचक बहुधा त्या पन्नासांतलेच मागतात आणि ग्रंथपालांचे काम हात लांब करण्याने भागते. आता एक असा वाचक आला की, ज्याला पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत प्रत्येक पुस्तक हवे आहे. ग्रंथपाल दिवसभर शिडी चढत-उतरत राहतील. विकिमीडियाचेही तसेच आहे. वारंवार वाचली जाणारी पाने वाचकाच्या जवळच्या केंद्रात तात्पुरती साठवलेली असतात आणि स्वस्तात दिली जातात. क्वचित मागितले जाणारे पान मात्र मूळ केंद्रातून आणावे लागते. माणसे एकाच वेळी एकाच विषयाकडे धावतात. क्रॉलर कोणताही भेदभाव न करता सारे काही मागतो. ज्ञानाविषयीची ही समदृष्टी एरवी आपण वाखाणली असती.

याचा परिणाम एका विशिष्ट दिवशी उघड झाला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे निधन झाले. त्यांच्याविषयीचे इंग्रजी विकिपीडियावरील पान एका दिवसात २८ लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले. एवढी गर्दी विकिपीडियाला नवी नाही आणि तिची यंत्रणा अशा प्रसंगांसाठीच बांधलेली आहे. परंतु त्याच वेळी अनेकांनी कार्टर आणि रोनाल्ड रेगन यांच्यातील १९८० सालच्या वादविवादाची दीड तासाची चित्रफीत पाहिली आणि काही जोडण्या तुडुंब भरून सुमारे तासभर काही वाचकांना पाने सावकाश उघडू लागली. तंत्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा लक्षात आले की, क्रॉलरांमुळे नेहमीचाच ओघ इतका वाढलेला होता की गर्दीसाठी राखून ठेवलेली जागा आधीच व्यापली गेली होती.

याच्या उलट बाजूचा अनुभव पुढच्या वर्षी आला. २०२५ च्या मे महिन्यात विकिपीडियावर माणसांची, विशेषतः ब्राझीलमधील, वर्दळ एकाएकी वाढलेली दिसली. गाळण्याची पद्धत सुधारून पुन्हा मोजणी केली, तेव्हा ही वाढ बव्हंशी माणसाचे सोंग घेतलेल्या बॉटांची निघाली. सुधारलेल्या मोजणीनुसार माणसांची खरी वाचने आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी घटलेली होती. घट का झाली, याचे एक कारण संस्थेने असे दिले की, शोधयंत्रे व संभाषणप्रणाली आता वाचकाला परस्पर उत्तर देतात; ते उत्तर पुष्कळदा विकिपीडियाच्याच मजकुरावर आधारलेले असले तरी वाचक मूळ पानापर्यंत येत नाही.

येथे थोडे थांबावे. विकिपीडियावर लिहिणारे लोक वेतन घेत नाहीत. आपल्या नोंदीत कोणी चूक दाखवली, कोणी एक वर्ष दुरुस्त केले, कोणी आभार मानले, एवढाच त्यांचा मोबदला असतो. जो वाचक पानापर्यंत आला, त्यांतलाच एखादा पुढे लेखक होतो. यंत्रवाचक कितीही वाढले तरी त्यांच्यातून लेखक निपजत नाही आणि देणगीदारही निपजत नाही. म्हणून येथील प्रश्न केवळ विजेच्या आणि तारांच्या खर्चाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

६.५ माणूस असल्याचा पुरावा

ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली एक प्रश्न मांडला होता : संभाषणावरून यंत्र कोणते आणि माणूस कोण, हे परीक्षकास ओळखता येईल काय? आज परीक्षक यंत्र आहे आणि परीक्षा माणसाला द्यावी लागते. अर्ज भरताना वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास सांगणारी जी चौकट आपणांस दिसते, ती 'कॅप्चा' या नावाने ओळखली जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुइस फॉन आन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रूढ केली. पुढे या परिश्रमाचा उपयोगही करून घेण्यात आला : जुन्या छापील मजकुरातील यंत्राला न वाचता आलेले शब्द माणसांपुढे ठेवून त्यांच्याकडून ते वाचून घेतले गेले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जुन्या अंकांचे अंकीकरण असे झाले. वेठ कोणी कोणाची केली, हा प्रश्न येथे गमतीने विचारता येईल.

या परीक्षेत माणूस आता मागे पडू लागला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, बॉट ही कोडी माणसांपेक्षा वेगाने आणि अधिक अचूकपणे सोडवतात. मात्र अधू दृष्टीचा वृद्ध, रोमन लिपी नीट न येणारी गृहिणी किंवा रस्त्याकडेचा लाल अग्निशामक नळ उभ्या आयुष्यात न पाहिलेला आपल्याकडील शेतकरी या कोड्यापाशी अडतो. ज्याला अडवावयाचे तो आत जातो आणि ज्याच्यासाठी दार उघडे ठेवावयाचे तो बाहेर राहतो.

आपल्या परिचयाचे उदाहरण रेल्वेच्या तत्काळ आरक्षणाचे. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि अन्य डब्यांसाठी अकराला खिडकी उघडते आणि काही मिनिटांत जागा संपतात, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांनी घेतला असेल. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार, तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत खाते उघडून आत येण्याच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटांचे असत. सुमारे अडीच कोटी संशयास्पद खाती निष्क्रिय करण्यात आली आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार-पडताळणी अनिवार्य झाली. आईच्या आजारपणाची वार्ता ऐकून गावी निघालेल्या माणसाच्या बोटांची शर्यत एका सेकंदात नाव, वय आणि बर्थ भरणाऱ्या प्रणालीशी लागते, तेव्हा 'वर्दळीची टक्केवारी' हा शब्दप्रयोग पुस्तकी राहत नाही. या उपायाची किंमतही ध्यानात घ्यावी. पूर्वी आधार-पडताळणीविना होणारे हे काम आता तिच्यावाचून होत नाही. यंत्रांना हुडकण्यासाठी माणसाने आपली ओळख उघडी करावयाची, असा हा व्यवहार आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) एकूण वाचनांत बॉटांचा वाटा ३५ टक्के आणि महागड्या वर्दळीत ६५ टक्के, यामागील कारण ग्रंथालयाच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
(आ) कॅप्चाची अडचण कोणकोणत्या वाचकांना होऊ शकेल? आपल्या परिसरातील उदाहरणे द्या.

६.६ मराठी मजकूर आणि यंत्रवाचक

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. आंतरजालावरील मजकूर क्रॉलरांद्वारे गोळा करून सर्वांना खुला करणाऱ्या कॉमन क्रॉल या ना-नफा संस्थेच्या साठ्यात मात्र मराठी पानांचे प्रमाण एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. याचे एक कारण आपण कमी लिहितो हे असेल. पण तेच एकमेव कारण नाही. युनिकोड येण्यापूर्वी आणि नंतरही पुष्कळ काळ मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फाँटांत टंकला गेला. माणसाला पडद्यावर शुद्ध देवनागरी दिसत असे. यंत्राला मात्र तेथे रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. नियतकालिकांची केवळ छायाचित्रे चढवली, तर क्रॉलराला तेथे चित्र दिसते, लेख दिसत नाही. म्हणजे मराठीचा पुष्कळसा ऐवज यंत्रवाचकासमोर असूनही त्याला अदृश्य राहिला आहे.

म्हणून मराठीच्या अभ्यासकापुढे दुहेरी पेच उभा राहतो. क्रॉलरांना दार बंद करावे, तर मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया किंवा विकिस्रोत यांतील प्रमाण मजकूर यंत्रांपर्यंत पोहोचणार नाही आणि पुढच्या पिढीची साधने अशुद्ध मराठी बोलतील. दार सताड उघडे ठेवावे, तर एखाद्या हौशी संपादकाने स्वखर्चाने चालवलेले बोलीभाषेच्या शब्दसंग्रहाचे संकेतस्थळ यंत्रांच्या वर्दळीखाली दबून माणसांसाठीच बंद पडावयाचे. मोठ्या संस्था पाहुण्यांना थोपवण्यासाठी तंत्रज्ञ नेमू शकतात. एकटा संपादक नेमू शकत नाही. क्लाउडफ्लेअर या कंपनीने जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकांच्या संकेतस्थळांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्रॉलरांना मालकाच्या अनुमतीविना प्रवेश नाकारण्याची व्यवस्था केली, तेव्हा पाटीच्या जागी कुलूप आले. पण त्याची किल्ली पुन्हा एका कंपनीच्याच हाती आहे.

आणखी एक धोका मजकुराच्या दर्जाचा. आंतरजालावर थोडा मजकूर असलेल्या भाषांमध्ये यंत्राने भाषांतरित केलेल्या पानांचे प्रमाण मोठे असते, असे २०२४ मधील एका संशोधनाने दाखवले. अशी पाने बहुधा जाहिरातींच्या उत्पन्नासाठी बनवलेली असतात. क्रॉलर त्यांनाही मराठीच समजून उचलतो आणि नवे प्रतिमान त्यांवरून मराठी शिकते. मामाला 'काका' आणि मावशीला 'काकू' करून टाकणारे वाक्य आपल्या कानाला तत्काळ खटकते. यंत्राला ते खटकत नाही. ते दहा हजार वेळा आले, तर त्यालाच ते नियम मानते. यंत्राने लिहिले, यंत्राने वाचले आणि त्यावरून यंत्राने पुन्हा लिहिले, या फेऱ्यात नात्यांचा तो भेद कोठे हरवला, हे ओळखणारा मराठी वाचक त्या पानावर कधी आलेलाच नसतो.

सरावासाठी स्वाध्याय

१. आपल्या वाचनातील एखाद्या मराठी संकेतस्थळावरील एक पान निवडा. ते माणसाने लिहिले आहे की यंत्राने भाषांतरित केले आहे, याविषयीचे आपले मत नातेवाचक शब्द, क्रियापदांची रूपे आणि वाक्यरचना यांच्या आधारे दीड पानात मांडा.

२. आपण एका छोट्या बोलीकोशाच्या संकेतस्थळाचे संपादक आहात, असे समजा. क्रॉलरांना प्रवेश द्यावा की देऊ नये, याविषयी संपादक मंडळास पत्र लिहा. निर्णय कोणताही घ्या; परंतु त्यामुळे कोणाचे नुकसान होईल, हे पत्रात लपवू नका.

३. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील किंवा शेजारातील साठ वर्षांवरील एका व्यक्तीने कॅप्चा असलेला कोणताही ऑनलाइन अर्ज भरत असताना, त्यांच्या परवानगीने, शेजारी बसून निरीक्षण करा. त्या कोठे थांबल्या, काय म्हणाल्या, किती वेळा प्रयत्न केला, याची नोंद त्यांच्याच शब्दांत करा. त्यांना मदत लागली, तर नोंदवही बाजूला ठेवून आधी मदत करा.